आधी आवतण, मग मारबत

विदर्भात बैलाला जेवणाचे निमंत्रण तोंडी देतात आणि तेही आदल्या दिवशी. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असे शेतकरी आपल्याच गोठ्यातल्या जनावराला सांगतो. वर्षभर ज्याला ‘हाट् बे’ म्हणून हाकले त्याला त्या संध्याकाळी अहो-जाहो होते. श्रावणाच्या अमावस्येला पोळा आणि त्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी, हा इथला क्रम आहे. तूप किंवा लोणी घ्यायचे, त्यात हळद कालवायची आणि बैलाच्या मानेवर, खांद्यावर, जिथे वर्षभर जू घासले आहे नेमक्या तिथे चोळायची.

कृतज्ञता म्हटले की हार, श्रीफळ, शाल आणि लांबलेले भाषण एवढेच आठवणाऱ्यांनी हा विधी जरा बारकाईने पाहावा. इथे आभार मोघम नाहीत. ज्या अवयवाने काम केले आणि ज्या अवयवाला त्या कामाचा त्रास झाला, त्याच अवयवाची सेवा होते. त्यात थोडी माफीही मिसळलेली आहे, कारण ते जू ठेवणारा हात आणि हळद चोळणारा हात एकच असतो. दुसऱ्या दिवशी बैलाला काम नाही, चाबूक नाही. नवी वेसण, नवा कासरा, अंगावर झूल, शिंगांना रंग आणि बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ आणि शेवटी पुरणपोळी. बैल सांभाळणाऱ्या गड्यालाही नवे कपडे मिळतात.

एवढ्यावर थांबले असते तर पोळा हा एक गोड सण झाला असता. पण गावाच्या तोरणाखाली बैलजोड्या ओळीने उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे यमक जुळवून म्हटलेले टोमणेच. एकजण पुढे होतो, महादेवाला हात जोडून सुरुवात करतो आणि बघता बघता सावकार, सरपंच, पाऊस, कापसाचा भाव आणि मुंबई-दिल्लीचे सरकार यांची हजेरी घेतो. शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’ झाले की दुसरा गडी त्याच्यावर कडी करायला सरसावतो. टोमणा मारणारा ज्याच्या शेतात राबतो तो पाटीलही समोरच उभा असतो आणि त्याला हसावे लागते. इतर दिवशी तेच वाक्य पाटलाला ऐकवायची प्राज्ञा नसते. विदर्भाच्या कर्जबाजारीपणाचा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यायच्या कितीतरी आधी तो झडत्यांमध्ये आलेला होता, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या त्या वर्षांतही झडत्या बंद पडल्या नाहीत.

म्हणजे बैलाचे आभार आणि मालकाची टर, दोन्ही एकाच तोरणाखाली. गावाने हे दोन्ही एका संध्याकाळी उरकले. नागपूरने त्याचे दोन दिवस केले आणि दुसऱ्या दिवशी आख्खे शहर रस्त्यावर आणले.

महाल हा नागपूरचा जुना गाभा आहे. भोसल्यांचे वाडे, गांधी गेट, बडकस चौक, मूर्तिकारांची चितार ओळ, कोतवाली आणि दुचाकीलाही अंग चोरून जावे लागते अशा गल्ल्या. इथे आता खऱ्या बैलांपेक्षा लाकडी बैल जास्त दिसतात, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि तो लहान मुलांचा असतो. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, दोरीने ओढत दारोदार न्यायचा, आणि घरातल्या बाईने बैलाला ओवाळून मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवायचा. याला बोजारा म्हणतात. काही घरांत हा बैल पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. रंग उडालेला असतो, एक शिंग डिंकाने चिकटवलेले असते, पण मोडीत जात नाही.

ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली असे नागपुरात सांगितले जाते, आणि महालातल्या सीनियर भोसले वाड्यातला मोठा लाकडी बैल त्याची साक्ष म्हणून दाखवला जातो. रघुजींची कारकीर्द १७८८ ते १८१६. इतिहासाच्या पुस्तकात ते भेटतात ते इंग्रजांशी झालेल्या लढाईत हरून १८०३ च्या देवगावच्या तहात कटकचा मुलूख आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गमावणारे राजे म्हणून. नागपूरच्या पोरांना त्या तहाचे काही सोयरसुतक नाही. त्यांच्या लेखी हा राजा लाकडी बैल देणारा आहे, आणि राजाची एवढी सोपी ओळख फार थोड्यांच्या वाट्याला येते.

तान्ह्या पोळ्याचे बैल बाहेर पडायच्या आधी, त्याच दिवशी सकाळी, मारबत निघते.

बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग यांचा अवाढव्य पुतळा. एक काळी मारबत, एक पिवळी. काळीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची, ती १८८५ पासूनची. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते आणि त्या भेटीसाठी गच्च्या, ओटे, दुकानांच्या पायऱ्या, विजेचे खांब असे जे जे उभे राहण्याजोगे असेल ते भरून जाते. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, माशा-डास घेऊन जा, अशी यादी ओरडून सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी शेवट एकच: ‘घेऊन जा गे मारबत’. पिवळीला लोक देवी मानतात, बायका तान्ह्या बाळांना तिच्या पायावर घालतात. काळीला कोणी पूतना समजतात. मिरवणूक संपली की दोघींचेही दहन होते. भलीला आणि बुरीला एकच न्याय लावण्याची ही रीत परक्या माणसाला चमत्कारिक वाटेल, पण त्रास गोळा करून नेणे हे दोघींचेही काम आहे, आणि काम झालेला केरसुणीचा बुडखा कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही.

त्यांच्यामागून येतात बडगे. बडग्या हा पुरुषी पुतळा, आणि मिरवणुकीतला सगळा हशा त्याच्या वाट्याचा. मूळचे काम पोरासोरांचे: मोहल्ल्यातला टाकाऊ माल जमवायचा, फाटके शर्ट, जुने जोडे, टोपल्या, वर्तमानपत्रे, आणि त्यातून एक बेढब माणूस उभा करायचा. मोठ्यांनी हात घातला तेव्हा त्याच्या गळ्यात पाटी आली. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, वेगळ्या विदर्भाचे आश्वासन देऊन विसरलेले पुढारी, त्या त्या वर्षी शहराला ज्याने छळले असेल तो बडग्या होतो. पाटीवरचा मजकूर कधी यमकात असतो, कधी नुसताच खरमरीत. शुद्धलेखनाची अपेक्षा कोणी ठेवत नाही. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रापेक्षा बडग्याची बाजू एका बाबतीत वरचढ आहे: ज्याच्यावर टीका आहे त्याच्याच घरावरून तो वाजतगाजत जाऊ शकतो.

काळ्या मारबतीच्या मागे एक गोष्ट आहे आणि तिच्यात हसण्यासारखे फारसे नाही. ती बाकाबाईची गोष्ट. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची राणी, लाकडी बैलवाल्या राजाची. लोकस्मृतीत ती फितूर आहे: इंग्रजांशी हातमिळवणी केली, राज्य घालवले, म्हणून तिचा निषेध काळ्या पुतळ्याच्या रूपाने होतो आणि बडग्या म्हणजे तिचा नवरा, असेही सांगतात.

कागदावरचा इतिहास इतका सरळ नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत नागपूरच्या गादीवरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले. पुढच्या वर्षी त्यांना दूर करून तिसऱ्या रघुजींना, म्हणजे एका अल्पवयीन मुलाला, गादीवर बसवले गेले. राज्यकारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती आणि राजवाड्याची, त्या मुलाची देखरेख बाकाबाईकडे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. १८५४ मध्ये भोसल्यांचे हत्ती, उंट, घोडे आणि बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले, दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. सर जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या बंडाच्या इतिहासात या लिलावाची हकीकत दिली आहे. राजवाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा संतापलेल्या वृद्ध बाकाबाईने वाड्यालाच आग लावीन अशी धमकी दिली, असेही तो सांगतो. तीन वर्षांनी १८५७ आले. त्या वेळी मात्र तिने घराण्याला बंडापासून दूर ठेवले. १८५८ मध्ये ती वारली आणि पुढे इंग्रजांनी भोसल्यांच्या दत्तक वारसाला देऊरचा राजाबहादूर हा किताब दिला.

वाडा पेटवते म्हणणाऱ्या बाईला दरसाल पेटवायचे, हा योगायोग कोणा झडतीवाल्याच्या हाती लागायला हवा होता. बाकाबाईला पूर्ण न्याय मिळाला असे म्हणणे अवघड आहे. लिलाव पुकारणारे साहेब कोणी पुतळ्यात घातले नाहीत, विधवा राणी घातली. त्याचे एक कारण उघड आहे. १८८१ साली साहेबाचा पुतळा काढला असता तर मिरवणूक कोतवालीपाशीच संपली असती. विनोदालाही जीव सांभाळून चालावे लागते, आणि पुष्कळदा तो ज्याच्यावर मारायचा त्याच्याऐवजी ज्याला मारता येईल त्याच्यावर मारला जातो. ही खोट मारबतीत आहे, घरातल्या चेष्टेत आहे आणि कचेरीतल्या चेष्टेत तर आहेच.

मग हसू नेमके कशाने येते? पीटर मॅक्ग्रॉ आणि केलेब वॉरेन या अमेरिकी संशोधकांनी २०१० साली मांडलेली एक कल्पना बडग्याला फिट बसते. काहीतरी बिघडलेले, नियमाबाहेरचे, धोक्याचे असावे आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवीही वाटावे, तेव्हा माणूस हसतो. नुसता धोका असेल तर भीती वाटते, नुसता निरुपद्रवीपणा असेल तर कंटाळा येतो. महागाई ही भीतीची गोष्ट आहे. पण तिला कामट्यांचे हात, पपईएवढे नाक आणि कुणाचा तरी जुना पायजमा मिळाला की ती तेवढ्यापुरती आटोक्यात येते. किराण्याचे बिल तेवढेच राहते, हे खरे.

गर्दीचाही हिशेब आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने बाजारात, रस्त्यांवर आणि विद्यापीठाच्या आवारात लोकांच्या बोलण्या-हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. हसण्याआधी जे वाक्य बोलले गेले त्यात विनोद म्हणावा असा मजकूर जेमतेम १० ते २० टक्के वेळा होता. बाकीचे हसू ‘बरं, येतो’, ‘हा बघा आला’ असल्या वाक्यांवर. माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत असताना सुमारे ३० पट जास्त हसतो, हेही त्याच्या अभ्यासात दिसले. महालातल्या कोणत्याही पानठेल्यावर संध्याकाळी १० मिनिटे उभे राहिले तर प्रोव्हाइनचे आकडे पटतात. तिथे जे बोलले जाते ते लिहून काढले तर त्यात हसण्यासारखे काही सापडणार नाही, आणि तिथे जे हसले जाते ते लिहून काढता येत नाही.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. गटाने बसून विनोदी कार्यक्रम पाहिलेल्या लोकांची वेदना सहन करण्याची क्षमता हसल्यानंतर वाढलेली आढळली. शरीरात वेदनाशामक एंडॉर्फिन सुटत असावेत, असा त्यांचा अंदाज. पण हसण्याच्या शास्त्रातले सगळेच दावे टिकलेले नाहीत. दातांत पेन धरून चेहरा हसरा केला तर व्यंगचित्र जास्त मजेदार वाटते, हा १९८८ चा प्रसिद्ध प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी पाच जणांना घेऊन बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा आधी रोज विनोद सांगायचे ठरले होते. थोड्याच दिवसांत विनोदांचा साठा आटला, उरलेले कुणाला तरी लागू लागले आणि मग विनोदाशिवायच हसायचे ठरले. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी बागांत पहाटे ‘हो हो, हा हा’ ऐकू येते ते त्यामुळे. ज्यांना मानवते त्यांनी जरूर करावे. पण नागपूरकराला कारणाशिवाय हसायला सांगितले तर तो आधी ‘काहून?’ विचारेल, आणि हे ‘काहून’ टिकवण्याजोगे आहे.

आता आभारांकडे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा २००३ चा अभ्यास या विषयात सर्वांत जास्त सांगितला जातो. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाने १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल ऋणी वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने तितक्याच कटकटी. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. ऋण लिहिणाऱ्यांना आयुष्य अधिक बरे वाटू लागले, दुखण्याच्या तक्रारी कमी झाल्या, व्यायामाचा वेळ वाढला. तेव्हापासून आभाराच्या वह्यांचा एक धंदाच उभा राहिला आहे. सोनेरी कडांची वही, वर फुलपाखरू.

त्या अभ्यासातला कटकटींचा गट मात्र कोणी फारसा आठवत नाही. एकट्याने बसून, वहीत, दर आठवड्याला त्रासांची नोंद करणाऱ्यांना आयुष्य तितके बरे वाटले नाही. नागपूरही दरवर्षी कटकटींची यादी करते, पण एकट्याने नाही आणि वहीत नाही. ती यादी चौकात ओरडली जाते, तिला नाक-डोळे काढले जातात, तिच्यापुढे ढोल वाजतो आणि संध्याकाळपर्यंत तिची राख होते. शिवाय ती यादी येते आभारांच्या दुसऱ्या दिवशी, आधी नाही. हा क्रम कोणी मुद्दाम लावला असेल असे नाही, पंचांगाने लावला. पण त्याचा परिणाम मोठा आहे. ज्याने परवा बैलाच्या खांद्याला हळद लावली त्याच्या आजच्या शिवीला वजन येते. नुसते आभार मानत राहिलेला गडी मालकाला फार आवडतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. आजच्या कंपन्याही कर्मचाऱ्यांना ‘कृतज्ञता सप्ताह’ साजरा करायला लावतात, फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला सांगतात. त्याच फळ्याशेजारी झडतीसाठी जागा ठेवणारी कंपनी मात्र ऐकिवात नाही.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात मार्चमध्ये फायास नावाचा उत्सव होतो. पुढारी, बडे लोक, प्रसिद्धीला हपापलेले लोक यांची टर उडवणारे भव्य पुतळे चौकाचौकांत उभे राहतात आणि १९ मार्चच्या रात्री जाळले जातात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तिथे १९३४ पासून एक सोय आहे: लोक मते देतात आणि आवडता पुतळा आगीतून वाचवून संग्रहालयात ठेवला जातो. नागपुरात अशी माफी नाही. बडग्या कितीही देखणा झाला तरी संध्याकाळी त्याची होळीच. चौथ्या दिवशी गणपती बसायचे असतात आणि चितार ओळीतल्या मूर्तिकारांना मारबतीची आठवण काढायलाही फुरसत नसते.

अलीकडे मिरवणुकीला काही व्याधी जडल्या आहेत. डीजेच्या भिंतीपुढे घोषणा ऐकू येत नाहीत. काही बडगे एका पक्षाच्या खर्चाने दुसऱ्या पक्षाचे काढलेले असतात, आणि त्यांच्या पाटीवर टीकेपेक्षा सौजन्य कोणाचे हे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. अशा बडग्याला लोक हसत नाहीत, फक्त वाट देतात. शिवाय एक विषय इतक्या वर्षांत जवळपास सुटूनच गेला आहे. झडतीत शेतकरी स्वतःलाही सोडत नाही, आपल्या आळसाची, आपल्या व्यसनाची, पोळ्यासाठी काढलेल्या कर्जाची टिंगल करतो. बडग्या मात्र नेहमी दुसऱ्याचा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून, भिंतीचा कोपरा लाल करत, रस्ता अडवून लावलेल्या दुचाकीला टेकून स्वच्छतेचा बडग्या पाहणारे प्रेक्षक महालात दर वळणावर भेटतात. त्यांचाच बडग्या कोण्या मोहल्ल्याने काढला तर तो उचलायला खांदे किती मिळतील सांगता येत नाही. पाहायला मात्र झाडून सगळे येतील, आणि प्रत्येकाला तो शेजाऱ्याचा वाटेल.